दुसरा ब्रेक

माझ्या मोठ्या मावशीपुढे पाळकसाहेबांनीही हात टेकले होते. चर्चमधली रविवारची उपासना संपली की ते दाराशी उभे राहून एकेकाशी हात मिळवायचे, आणि मावशीची पाळी आली की मागची सगळी रांग खोळंबायची. कारण मावशीला काहीतरी प्रश्न पडलेला असायचा, आणि तोही असा, की ज्याच्यावर प्रवचन करता येत नाही.

"साहेब, तो अंथरुणाला खिळलेला माणूस बरा झाला, प्रभूने सांगितलं म्हणून आपली बाज उचलून निघाला. पण उभं आयुष्य त्या बाजेवर काढल्यावर त्याने ती घरी नेऊन ठेवली कुठे? रात्री तिच्यावर त्याला झोप लागली का?"

मागून कोणीतरी मुद्दाम खोकायचं. पाळक हसून म्हणायचे, "बघून सांगतो." आणि पुढच्या रविवारी मावशी नवा प्रश्न घेऊन हजर.

तिला शंका होत्या म्हणून ती विचारायची असं मुळीच नाही. विश्वासाच्या बाबतीत ती खुंट्यासारखी घट्ट होती. तिला फक्त 'पुढे काय झालं' हे कळायला हवं असायचं. सगळ्यांत जास्त तिचं डोकं खाल्लं ते एका चाकराने. प्रभूला धरायला जो जमाव आला, त्यात मुख्य याजकाचा एक चाकर होता. एका शिष्याने तलवार काढून त्याचा कान उडवला. आणि प्रभूने, स्वतःला धरून नेत असताना, त्या चाकराच्या कानाला हात लावून तो बरा केला. मावशी म्हणायची, "तो घरी गेला असेल ना गं? बायकोने विचारलं असेल, कॉलरला रक्त कसलं? काय सांगितलं असेल त्याने?"

"मावशी, तेव्हा कॉलर नसायची."

"बरं बाई, जे काय असेल त्याला."

मावशीचा धंदा गाडी शिकवण्याचा. चष्म्याच्या दुकानाला लागून एका खोलीचं ऑफिस, दारात एक छोटी पांढरी गाडी, तिच्या छपरावर पाटी. गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवलेला. शिकणाऱ्याचं भान सुटलं तर मावशीने तो दाबायचा. तिच्याकडे शिकलेले लोक तिला पाठीमागे 'हाफक्लचबाई' म्हणायचे. मीही तिच्याकडेच शिकले. ती ओरडायची नाही, विचारायची. "आत्ता तू गाडी बंद पाडलीस, ते कसं जमवलंस?" असं इतक्या मनापासून विचारायची, की आपण काहीतरी अवघड करून दाखवलंय असं वाटावं.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, काचा बसवायचे. खिडक्यांच्या, दुकानांच्या, जिन्यातल्या. स्वभावाने मावशीच्या अगदी उलट. प्रश्न नाही, उत्तर नाही. कामावरून आले की बोटांत शिरलेले काचेचे कण चिमट्याने काढत बसायचे, आणि मावशी त्यांना दिवसभराच्या गमती सांगायची. दोघांचं झकास चाललं होतं.

एका सकाळी काका एका इमारतीच्या मागच्या बोळात तळमजल्याच्या खिडकीचं माप घेत होते. पाठ रस्त्याकडे. एका बेकरीचा टेम्पो पाव उतरवून रिव्हर्समध्ये बोळातून बाहेर निघाला. चालवणाऱ्याने एकाच आरशात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं नाही. काका टेम्पो आणि भिंत यांच्यामध्ये सापडले. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

खटला झाला. टेम्पोवाल्याने काहीच नाकारलं नाही. त्याला शिक्षा झाली, लायसन काही काळ जमा झालं. मावशीने त्याला कोर्टात एकदाच पाहिलं, तेही पाठमोरं. तो मान खाली घालून उभा होता, आणि त्याचे खांदे पाव वाहून वाहून एका बाजूला कललेले होते, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

काकांचे त्यानंतरचे दिवस वाईट गेले. जखम भरली, पण नसलेला पाय दुखत राहिला. "अंगठ्याला खाज येतेय," ते म्हणायचे, आणि अंगठा तर केव्हाच गेलेला. चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला यायचे. माणसं चांगली, पण दुखण्यापुढे बोलावं काय हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे जे तोंडात येईल ते बोलायचे. एका ताईंनी काकांचा हात हातात घेऊन सांगितलं, "देवाची काहीतरी योजना असेल."

कधी न बोलणारे काका म्हणाले, "असेल. पण पायात काय अडलं होतं त्याचं?"

त्यानंतर काका उपासनेला येईनासे झाले. लावायचा नकली पाय चावतो, हे कारण सांगायचे. मावशी एकटी यायची. दाराशी प्रश्न विचारायची, पण पूर्वीसारखी रांग खोळंबायची नाही.

असंच एकदा ऑफिसात फोन आला. मी तेव्हा कॉलेज सुटल्यावर मावशीकडे फोन घ्यायला बसत असे. पलीकडचा माणूस म्हणाला, "गाडी येते मला. चांगली येते. फक्त मागे घेता येत नाही. तेवढंच शिकवाल का?"

मी फोनवर हात ठेवून मावशीला सांगितलं. मावशीचे डोळे चमकले. "पुढे येते आणि मागे येत नाही? असं कसं होईल? बोलव, बोलव त्याला."

तो दुसऱ्याच दिवशी आला. दारात उभा राहिला आणि एका बाजूला कललेले ते खांदे पाहून मावशीच्या हातातली किल्ली खाली पडली. तिला ओळखण्याचं त्याला काही कारण नव्हतं. कोर्टातही त्याने मान वर केली नव्हती. तो आपला सांगत राहिला. बेकरीत आता गोदामात पोती उचलतो. लायसन परत मिळालंय. मालक म्हणतात, पुन्हा टेम्पोवर ये. पण रिव्हर्स टाकला की पाय लाकडासारखे होतात.

"का होतं असं?" मी भाबडेपणाने विचारलं. मला तो कोण हे ठाऊक नव्हतं.

"माझ्या हातून एका माणसाचा पाय गेला," तो म्हणाला.

मावशीने वाकून पडलेली किल्ली उचलली. मग मावशी म्हणाली, "ते माझे यजमान."

तो माणूस पांढराफटक पडला. "बाई, मला खरंच माहीत नव्हतं. देवाशपथ," असं म्हणत तो उलट्या पावलांनी निघाला आणि पायरीवर अडखळला. मावशी खुर्चीतून उठली नाही. पण तिने मागून हाक मारली, "उद्या फोन करा. मला एक दिवस द्या."

त्या संध्याकाळी मावशीने काकांना सगळं सांगितलं. मी तिथेच भाजी निवडत होते. काकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "गाडी तुझी, ब्रेक तुझा. मला कशाला विचारतेस?" मग आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जोरात नाही लावलं. जोरात लावलं असतं तर मावशीला बरं वाटलं असतं.

सकाळी ती पाळकसाहेबांकडे गेली. ते उपासनेच्या खोलीत खुर्च्या एकावर एक रचत होते. मावशीही रचायला लागली. पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं.

"साहेब, क्षमा आधी वाटायला लागते की आधी करायला लागते?"

"तुम्हाला वाटतेय का?"

"काडीची नाही. मला फक्त बघायचंय, तो माणूस आहे तरी कसा. उत्सुकता म्हणा. पाप आहे का हे?"

पाळकांनी हातातली खुर्ची ढिगावर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही मला त्या चाकराचं नेहमी विचारता. तो घरी जाऊन काय बोलला, ते लिहिलेलं नाही. आणि त्याच्या कानाला हात लावताना प्रभूला आतून काय वाटत होतं, तेही लिहिलेलं नाही. हात लावला, एवढंच आहे. याच्या पुढचं मला माहीत नाही, खरंच नाही."

मावशी म्हणाली, पाळकांनी 'माहीत नाही' म्हटलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

तिने टेम्पोवाल्याला बोलावलं.

शहराबाहेर एक बंद पडलेली गिरणी होती, तिच्यापुढे मोठं सिमेंटचं मैदान. मावशी सगळ्यांना तिथेच शिकवायची. तो तिथपर्यंत गाडी घेऊन गेला, आणि चालवणं इतकं सफाईदार की मावशीला सांगायला काही उरलं नाही. मग त्याने रिव्हर्स टाकला. कपाळावर घाम. गाडी हातभर मागे सरकली आणि खाडकन थांबली. पुन्हा टाकला, पुन्हा थांबली. असं आठवडाभर चाललं. मावशी नेहमीसारखं विचारायची, "आत्ता काय दिसलं तुम्हाला?" तो म्हणायचा, "भिंत." मैदानात भिंत नव्हतीच.

एका दिवशी गाडी अशीच थांबल्यावर तो स्टिअरिंगवरून हात काढून हळूच म्हणाला, "बाई, रागावू नका. पण माझा पाय ब्रेकवर नाही."

मावशीने खाली पाहिलं. दुसरा ब्रेक तळापर्यंत दाबलेला होता. तिच्याच पायाने. पोटरीला पेटके आले होते, तरी तिला पत्ता नव्हता. आठवडाभर तो बिचारा धीर एकवटून गाडी मागे घेत होता, आणि दर वेळी तीच थांबवत होती.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कोणत्या तोंडाने तुम्हाला सांगू, ब्रेक सोडा म्हणून?"

मावशी मला म्हणाली, त्या क्षणी तिला रडूही आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम करायची सवय नसल्याने तिला उचकी लागली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली. मग ती दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसली, शाळेतल्या पोरीसारखी, आणि म्हणाली, "आता घ्या मागे."

त्याने घेतली. चार-सहा हात. मग दोघांनी मिळून ती पाण्याची बाटली संपवली.

दरम्यान ही बातमी माझ्या आईच्या कानावर गेली होती. माझ्याच तोंडून गेली, लपवण्यात अर्थ नव्हता. आई तरातरा बहिणीच्या घरी आली. "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? घरच्या माणसाचा पाय गेला, आणि तू त्याच माणसाला शेजारी बसवून गाव फिरतेस? भाऊजींना काय वाटत असेल, याचा विचार तरी केलास का?"

"रोज करते."

"मग?"

"मग काही नाही. विचार करते आणि जाते."

आई भयंकर चिडली. आतून काकांचा आवाज आला, "आज किती गेला मागे?"

आम्ही तिघी आवाजाच्या दिशेने वळलो. मावशी म्हणाली, "निम्मं मैदान."

"वळवताना?"

"वळवताना घाबरतो."

काका कुबडी टेकत दारात आले. "घाबरणारच. मागे कोणी उभं करतेस का? नुसतं आरशावर कोणी घेतं का गाडी? आमच्या काचांची गाडी मी कधी माणूस उभा केल्याशिवाय मागे घेऊ दिली नाही." त्यांच्या आवाजात राग होता, पण तो कारागिराचा राग होता. दुसऱ्याने काम वेडंवाकडं केलेलं पाहिल्यावर येतो तसा. आईचं तोंड उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी काका मैदानावर आले. मीही गेले, कारण मला राहवलं नाही. टेम्पोवाला गाडीतून उतरला आणि काकांसमोर जाऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, बहुतेक खूप दिवसांपासून पाठ करून ठेवलेलं. काकांनी हात वर केला. "आत्ता नको. बस गाडीत."

मग ते कुबडी टेकत गाडीच्या मागे गेले. अगदी मागे नाही, थोडे बाजूला, चालवणाऱ्याच्या आरशात दिसतील असे. मावशी पुढे शेजारच्या सीटवर, मांडी घालून, डोळे मिटून. प्रार्थना करत होती की नुसती घाबरली होती, कोण जाणे. नंतर विचारलं तर म्हणाली, "दोन्हीत फार फरक नव्हता."

"दिसतो का मी?" काका ओरडले.

"दिसता!"

"दिसतोय तोवर यायचं. दिसेनासा झालो की जागच्या जागी थांबायचं. विचार करायचा नाही, थांबायचं. कळलं?"

"कळलं!"

"मग येऊ दे."

गाडी हलली. "येऊ दे... येऊ दे... डावीकडे घे... येऊ दे..." काका कुबडीवर तोल सावरत, मोकळ्या हाताने हवेत खुणा करत मागे मागे सरकत होते. मध्येच ते मुद्दाम आरशाबाहेर गेले. गाडी गपकन थांबली. "शाब्बास," काका म्हणाले, आणि पुन्हा दिसायला लागले. त्यांनी त्या माणसाला सगळं मैदान उलटं फिरवलं, गिरणीच्या फाटकातून आत घेतलं, बाहेर काढलं. शेवटी टेम्पोवाला खाली उतरला आणि बॉनेटवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. काका त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. पाठीवर हात वगैरे काही ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा डावा आरसा सैल आहे. घट्ट करून घे."

"ती गाडी माझी आहे," मावशी आतून म्हणाली.

"मग तू घट्ट करून घे."

इतकंच झालं. टेम्पोवाला पुन्हा टेम्पोवर गेला. आमच्या घरी त्याचं येणं-जाणं सुरू झालं असं मात्र नाही. रस्त्यात दिसला तर थांबायचा, दोन शब्द बोलायचा, आणि निघताना आधी दोन्ही बाजूंना बघायचा. काकांचं दुखणं काही गेलं नाही. थंडीत तर ते दातओठ खात बसायचे. आणि तोंडाने 'मी माफ केलं' असं ते कधीच म्हणाले नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं. "आधी डोळे मिटले की टेम्पो दिसायचा," ते म्हणाले. "आता टेम्पोत कोण बसलंय, ते पण दिसतं. याला काय म्हणतात, ते तुझ्या मावशीला विचार."

मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मला माहीत नाही गं. पण शोधतेय." माझ्या आईला मात्र ही सगळी भानगड अजूनही पटलेली नाही. ती म्हणते, ताईचं नशीब म्हणून निभावलं. तिचंही अगदी खोटं आहे असं मला वाटत नाही. दुसऱ्या एखाद्या घरी हेच उलटं फिरलं असतं.

काका हळूहळू पुन्हा उपासनेला येऊ लागले. शेवटच्या बाकावर, पाय बाहेर काढून. एका रविवारी पाळकांनी मावशीला पुढे येऊन साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला बोलावलं. लोकांच्या विश्वासाला बळ मिळेल, म्हणाले. मावशी जागची हलली नाही. "साहेब, ते अजून चालू आहे," ती म्हणाली. "मध्येच उठून काय सांगू? शेवट कसा होतो तो मलाच बघायचाय."

लोक हसले. पाळक दुसऱ्या कोणाकडे वळणार, एवढ्यात मागच्या बाकावर हालचाल झाली. काका बाकाला धरून उभे राहिले. सगळ्या माना मागे वळल्या.

"माझं दुखतं," काका म्हणाले. "कालही दुखत होतं. कोणी विचारलं का दुखतं, तर मला सांगता येणार नाही. प्रभूलाही दुखलं होतं, आणि त्यानेही 'का' म्हणून विचारलं होतं. त्यालाही लगेच उत्तर मिळालेलं मी वाचलेलं नाही. म्हणून मी इथे येऊन बसतो. तो असतो शेजारी, असं मला वाटतं."

एवढं बोलून ते खाली बसले. 'आमेन' म्हणावं की नाही, कोणालाच कळेना. मावशी मात्र आपल्या नवऱ्याकडे टक लावून बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला आपण अजून काय काय विचारलेलंच नाही, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मग पाळकांनी भानावर येऊन गीत सांगितलं, पेटी वाजवणाऱ्याने घाईत भलताच सूर धरला, आणि आम्ही सगळे तो सूर सापडेपर्यंत चाचपडत गात राहिलो.